जुन्या काँटेसाचा एसी: गॅस भरण्याआधी हीटरकडे बघा

सासऱ्यांची १९९१ ची काँटेसा क्लासिक, १.८ लिटर पेट्रोलची गाडी, आता कोथरूडला तुमच्याकडे आली आहे. वर्षभरात तीनदा गॅस भरला आणि तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत हवा कोमट झाली. एक्सप्रेसवेवर बरं गार होतं, कर्वे रोडच्या सिग्नलला उभं राहिलं की गरम. हीटरबद्दल आधीच्या मेकॅनिकने "तो बंद करून टाकलाय" एवढंच सांगितलं. डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलसर असतं. पावसात पुढची काच आतून धुरकटते आणि पुसली तरी चिकट राहते. आता एक जण म्हणतो बारा नंबरचाच गॅस (आर-१२, जुन्या गाड्यांतला) हवा, दुसरा म्हणतो १३४ वर (आर-१३४ए, त्याच्या जागी आलेला) न्या, तिसरा कुठलं तरी "मिक्स" स्वस्तात भरून देतो म्हणतो. आणि डॅशबोर्ड उघडावा लागेल का, याची तुम्हाला धास्ती आहे.

उघडावा लागेल, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या सगळ्या वर्णनात माझी नजर थांबली ती गॅसवर नाही, त्या चिकट काचेवर.

कार्पेट ओलं होण्याची कारणं दोन. एसी चालताना कूलिंग कॉइलवर दव धरतं. ती डॅशबोर्डमागच्या ज्या डब्यात असते त्याखालच्या नळीतून ते रस्त्यावर टपकायला हवं. नळी तुंबली की आत सांडतं. दुसरं कारण हीटर कॉइल गळणं; इंजिन गार ठेवणारं कूलंट गरम होऊन तिच्यातून फिरतं. पांढरा टिश्यू कार्पेटवर दाबून बघा. नुसता ओला झाला, वास नाही, तर दव. हिरवट किंवा तांबूस डाग उमटला, बोटांना बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला तर कूलंट. चाखून बघायचं धाडस करू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. आता काचेचं. साध्या दवाने काच धुरकटते, पण पुसली की स्वच्छ होते. चिकट थर राहतो तो कूलंटच्या वाफेचा. म्हणजे तुमचा हीटर बंद वगैरे काही नाही. त्यात कढत पाणी फिरतंय, वर ते गळतंय.

"हीटर बंद केला" याचा आपल्याकडे बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की नॉबची केबल तुटली होती ती कुणी काढून टाकली. इंजिनकडून येणाऱ्या नळीवरचा कॉक जिथे अडकला होता तिथेच, अर्धवट उघडा. आणि हीटर कॉइल असते कुठे? बहुतेक गाड्यांत कूलिंग कॉइलच्याच डब्यात, तिच्या पुढे. हवा आधी गार होते आणि बाहेर पडता पडता ऐंशी अंशांच्या पाण्याने तापलेल्या कॉइलला घासून येते. तुम्ही एकाच वेळी बर्फ आणि शेगडी चालवताय, आणि दोष गॅसला देताय.

मी पुण्यात तीस-बत्तीस वर्षं गाड्यांच्या एसीचं काम करतोय. सुरुवातीला पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या डॅशबोर्डखाली टांगायचे डबे बसवायचो. त्या काळात मीही हा गाढवपणा केलाय. एका गिऱ्हाईकाची गाडी तीनदा परत आली. प्रेशर दोन्ही बाजूंचं बरोबर, कंप्रेसर उत्तम, डॅशबोर्डच्या जाळीत थर्मामीटर लावला तर १७ अंश. चौथ्या वेळी वैतागून हीटरकडे जाणारी रबरी नळी दोन फळकुटांत धरून क्लॅम्पने दाबली. दहा मिनिटांत १७ चे ९ झाले. तेव्हापासून गेज लावायच्या आधी मी नळी दाबतो. तुम्हीही रविवारी घरी हे करू शकता. इंजिन गार असताना फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) शिरणाऱ्या दोन नळ्यांपैकी पाणी आत नेणारी मऊ पट्टीने दाबा, एसी लावून चक्कर मारा, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. नळी जुनी, कडक झालेली असेल तर दाबताना तडकेल. मग आधी नळीच बदला.

हीटर कायमचा बायपास करून मोकळं व्हावं असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. पुण्यात हीटर कशाला, असं म्हणणाऱ्याने जुलैत लोणावळ्याला जुनी गाडी नेलेली नसते. काचेवरचं धुकं घालवायला एसी आणि हीटर दोन्ही एकदम लागतात: एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर ती कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. शिवाय खंबाटकीत इंजिनचा काटा वर सरकायला लागला की हीटर पूर्ण उघडून ब्लोअर जोरात लावायचा. तो दुसरा छोटा रेडिएटरच असतो. घाम फुटतो, पण हेड गॅस्केट वाचतं.

तेव्हा डॅशबोर्ड एकदाच उघडायचा आणि डबा पूर्ण बाहेर काढायचा. हीटर कॉइल तांब्या-पितळेची असेल तर चांगला रेडिएटरवाला ती झाळून देतो. आधी उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा, पण दाब बेताचा ठेवा, बागेच्या नळाइतका. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीतून गंजाचा जो चहा बाहेर येतो तो बघण्यासारखा असतो. कॉइल पातळ झाली असेल तर झाळण्यात पैसे घालवू नका. मापाची नवीन करून घ्या. कॉक मात्र नवाच बसवा आणि केबल जोडल्यावर बंद स्थितीत तो खरंच पूर्ण बंद होतो का, हे डबा परत आत जाण्याआधी फुंकून बघा. पुढे पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

डबा बाहेर आहे तोवर कूलिंग कॉइल उजेडात धरा. मागच्या वर्षी एका गाडीच्या कॉइलवर उंदराचं घरटं निघालं. त्यात कापूस, बदामाची वाळकी पानं, आणि मधोमध घडी घातलेलं पीएमटीचं बसतिकीट. पीएमटी २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, म्हणजे उंदीरमामांचा मुक्काम किती जुना ते बघा. पंख्याची हवा अर्धी तिथेच अडत होती. मऊ ब्रश, साबणाचं पाणी, उलट्या बाजूने धार. प्रेशर वॉशर लावलात तर पापुद्रे आडवे होतील. फ्लॅपवरचा स्पंज तीस वर्षांत भुगा होतो आणि मग "आतली हवा" लावली तरी फ्लॅप बसत नाही, इंजिनकडची गरम हवा आत खेचली जाते. नवा बंद पेशींचा फोम चिकटवा. फायरवॉलमधून वायरी येतात तिथले रबरी ग्रोमेटही बघून घ्या. हे काम फुटकळ वाटतं, त्याचे कुणी पैसे लावत नाही, म्हणून कुणी करतही नाही.

एक्सपान्शन व्हॉल्व्हला बारीक नळीने जोडलेला छोटा बल्ब असतो. तो कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला स्वच्छ धातूवर घट्ट बांधलेला आणि वरून काळ्या चिकट टेपने गुंडाळलेला हवा. तो पाइपचं तापमान "चाखतो" आणि त्यावर किती गॅस आत सोडायचा ते ठरवतो. टेप सुटून तो नुसता लोंबत असेल तर तो डब्यातल्या हवेचं तापमान चाखतो आणि सगळा हिशेब चुकतो. मी उघडलेल्या जुन्या गाड्यांत निम्म्या वेळा हा बल्ब सैल असतो. थर्मोस्टॅटची तारही कॉइलच्या पापुद्र्यांत नीट खोचलेली हवी. नाहीतर तासाभराने हवा मंदावते, फूड मॉलला चहाला थांबलात की खाली पाण्याचं तळं होतं आणि पुन्हा निघाल्यावर एसी झकास. ते कॉइलवर बर्फ धरल्याचं लक्षण.

आता गॅस. तो पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. कमी झाला म्हणजे गळला. दोन महिन्यांत रिकामा होतो म्हणजे गळती सहज सापडण्याइतकी मोठी आहे. तीनदा भरणाऱ्यांपैकी कुणी शोधलीच नाही. जोडांवर तेलाने धूळ चिकटलेली दिसते का बघा, कंप्रेसरच्या क्लचमागे बघा (शाफ्टचं सील गळलं की तिथे तेलाचा फवारा उमटतो), आणि कूलिंग कॉइल तर हातात आहेच. सिस्टीममध्ये कोरडा नायट्रोजन साधारण १५० पीएसआयपर्यंत भरून साबणाचा फेस लावा आणि काटा तासभर हलत नाही ना ते बघा. टायरवाल्याची हवा चालणार नाही, तिच्यात ओल असते. आणि ऑक्सिजनचं सिलेंडर तर चुकूनही जोडू देऊ नका. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

एक फसवणूक, बऱ्याचदा अजाणता होणारी: बंद गाडीला गेज लावून "गॅस फुल आहे साहेब" म्हणणं. सिस्टीममध्ये थोडासा जरी द्रवरूप गॅस असेल तरी बंद गाडीतलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, गॅस किती आहे यावर नाही. ३० अंशांना बारा नंबर साधारण ९३ पीएसआय दाखवतो आणि १३४ साधारण ९७. पाव किलो असो की किलोभर, काटा तोच. पण याच काट्याचा एक उपयोग होतो. त्याच ३० अंशांना तो दीडशेच्या पुढे गेला तर कुणीतरी जुन्या घरगुती एसीतला बावीस नंबर (आर-२२) ओतलाय. तो जुन्या होजना आणि कंप्रेसरला झेपत नाही.

बारा नंबरचा हट्ट सोडा. ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये आला आणि आपल्याकडचं सीएफसीचं (ओझोन खाणारे वायू, बारा नंबर त्यातलाच) उत्पादन २००८ मध्ये थांबलं. आज "ओरिजिनल बारा" म्हणून जी बाटली पुढे येते तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या गाडीत खरोखर बारा नंबरचा थोडा अंश उरला असेल तर तो हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनवाल्याकडे काढून घ्या. वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट जड पडतो. "मिक्स" म्हणजे बहुधा प्रोपेन-ब्युटेन. थंड छान करतो, मी नाकारत नाही. पण कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपुढे, बंद केबिनमध्ये आहे आणि तुमच्या गाडीत गळती आहे हे सिद्धच झालंय. ज्वालाग्राही गॅस तिथे नको.

राहिला १३४. तो करा, पण बाटली बदलली म्हणजे काम झालं असं समजू नका. बारा नंबरबरोबर खनिज तेल चालायचं. १३४ ते तेल सोबत वाहून नेत नाही. ते कॉइलमध्ये पडून राहतं आणि कंप्रेसर कोरडा पडतो. जुनं तेल काढून एस्टर किंवा पीएजी हे कृत्रिम तेल, कंप्रेसरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढंच. पाइप आणि कॉइल फ्लशिंगच्या सॉल्व्हंटने धुवायच्या, पेट्रोलने नाही; कंप्रेसर, ड्रायर (ओल शोषणारी डबी) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह यांतून फ्लश सोडायचाच नाही. ड्रायर नवा, १३४ ला चालणारा, आणि त्याची बुचं शेवटच्या क्षणी काढायची. ओ-रिंग सगळ्या नव्या, एचएनबीआर रबराच्या, तेल लावून बसवलेल्या. रबरी होज बॅरिअर प्रकारच्या, म्हणजे आतून गॅस अडवणारा थर असलेल्या, करून घ्या. १३४ चा रेणू लहान असतो, जुन्या होजच्या भिंतीतून तो हळूहळू झिरपतो. मूळ टोकं ठेवून नवी होज क्रिंप करून मिळते, त्यामुळे बॉनेट उघडल्यावर गाडी परकी दिसत नाही.

सिग्नलला गरम होण्याचं उत्तर गाडीच्या पुढच्या जाळीमागे, कंडेन्सरमध्ये आहे. उन्हात १३४ चं प्रेशर बारा नंबरपेक्षा जास्त चढतं आणि जुना नागमोडी कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकायला कमी पडतो. खात्री करायची तर गाडी उभी, एसी चालू, गेज लावलेलं, आणि कंडेन्सरवर बागेच्या नळीने पाणी शिंपडा. प्रेशर धाडकन उतरलं आणि डॅशबोर्डच्या जाळीतून गार हवा आली, तर गॅसमध्ये खोट नाही, कंडेन्सरवरून जाणाऱ्या हवेत आहे. मापात बसेल तो पॅरलल-फ्लो (समांतर नळ्यांचा) कंडेन्सर घ्या, त्याच्यापुढे स्वतंत्र रिलेवर चांगला इलेक्ट्रिक पंखा, आणि रेडिएटर-कंडेन्सरमधल्या फटी फोमने बुजवा, म्हणजे हवा आडवाटेने पळणार नाही. जुना कंडेन्सर भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा; गाडी कधी प्रदर्शनात न्यायची झाली तर लागेल. प्रेशर फार चढलं की कंप्रेसर बंद करणारा स्विच नसेल तर बसवून घ्या.

कंप्रेसरबद्दल फार लिहीत नाही. पाच पिस्टनचा सँडन पद्धतीचा असेल तर तो दणकट असतो. क्लचची फट ०.४ ते ०.८ मिलिमीटर हवी. जास्त झाली की गरम झाल्यावर क्लच घसरतो, आणि लोक कंप्रेसर बदलतात. एक पातळ शिम काढला तरी भागतं. क्लचला पूर्ण व्होल्टेज पोचतंय का तेही मोजा. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच, पण तिथे गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुना भाग हातात घेऊन जा. जुन्या बाजारातून मात्र एसीचा काहीही भाग आणू नका. उघडा पडलेला ड्रायर किंवा कंप्रेसर ओल पिऊन बसलेला असतो.

व्हॅक्यूमबद्दल, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओल काढण्याबद्दल, थोडं थांबतो, कारण इथे पुण्याचा एक पेच आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की काटा २९ इंचांच्या (पाऱ्याच्या) पुढे गेला पाहिजे. ते समुद्रसपाटीचं. आपण साधारण ५६० मीटरवर आहोत, इथे हवेचाच दाब जेमतेम २८ इंच भरतो. त्यामुळे इथे कितीही उत्तम पंप लावा, काटा २८ च्या आसपास थांबणार. हे ठाऊक नसलेला पोरगा चांगल्या पंपाला शिव्या घालतो. उलट मुरलेला मेकॅनिक फ्रिजच्या कंप्रेसरचा जुगाडू पंप लावतो, काटा २५ वर थांबतो आणि "पुण्यात एवढंच येतं" म्हणून सोडून देतो. फरक तीन इंचांचा दिसतो, पण परिणाम बघा: पुण्यात काटा २७ वर असेल तर आतलं पाणी साधारण २७ अंशांनाच उकळून निघून जातं, २५ वर थांबला तर त्यासाठी ४६ अंश लागतात, म्हणजे ओल आतच राहते. पुढे तीच ओल एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि तेलाशी मिसळून आम्ल तयार करते. डिसेंबरच्या सकाळी हे काम करूच नका. दुपारी, बॉनेटवर ऊन असताना करा. पाऊण तास पंप चालवा, मग बंद करून अर्धा तास काटा बघत बसा. मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब अचूक मोजणारं) असलेला माणूस मिळाला तर त्याच्याकडेच जा, ५०० मायक्रॉनच्या खाली गेलं की निश्चिंत.

गॅस वजनकाट्यावर भरायचा. बारा नंबरचं मूळ वजन कुठे लिहिलेलं सापडलं तर १३४ त्याच्या ८० ते ८५ टक्के. न सापडल्यास थोडा थोडा, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवून. ३८ अंशांच्या दुपारी हाय साइड (कंप्रेसरमधून बाहेर पडणारी बाजू) २२० ते २५० पीएसआय आणि लो साइड (कंप्रेसरमध्ये शिरणारी) २५ ते ४० मध्ये आली की हात आवरा. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरायची बारा नंबरच्या जमान्यातली सवय इथे घातक आहे. १३४ बरोबर भरलेला असला तरी ती काच ढगाळ दिसू शकते, आणि ती स्वच्छ करण्याच्या नादात गॅस जास्त होतो. एप्रिलच्या दुपारी धावत्या गाडीत जाळीपाशी ८ ते ११ अंश मिळाले तर समाधान माना. नव्या गाडीसारखा गारठा या काचांच्या आणि पातळ छताच्या गाडीत येत नाही.

काम झाल्यावर हिवाळ्यातही पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहील. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी मेकॅनिककडून एक चिठ्ठी लिहून घ्या: गॅस १३४, किती ग्रॅम, तेल कुठलं आणि किती, ड्रायर बदलल्याची तारीख. ती लॅमिनेट करून बॉनेटच्या आत, बारा नंबरच्या जुन्या स्टिकरवर चिकटवा.